1/72 स्पिटफायर बांधताना: कोणता भाग कधी चिकटवायचा?

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं किट हातात आलं की बहुतेक जण खोका उघडतात, फ्रेममधून भाग तोडतात आणि सूचनापत्रकातल्या आकड्यांबरहुकूम चिकटवत सुटतात. संध्याकाळपर्यंत विमान चाकांवर उभं राहतं. रंगवायला घेतल्यावर मात्र अडचणी दिसायला लागतात. चाकांचे पाय मध्ये येत असल्यामुळे पोटाला मास्किंग टेप नीट बसत नाही. कॉकपिटमध्ये ब्रश शिरत नाही. एरियलचा खांब हात लागून कधीच मोडलेला असतो. हात अनाडी आहे म्हणून हे होत नाही, क्रम चुकतो म्हणून होतं. सूचनापत्रक भाग कुठे बसतो ते सांगतं. तो रंगाच्या आधी बसवायचा की नंतर, हे बहुतेक वेळा आपल्यालाच ठरवावं लागतं.

इथे उदाहरणासाठी 1940 च्या उन्हाळ्यातलं स्पिटफायर मार्क वन घेतलं आहे, 1/72 मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. हे किट सहज मिळतं, परवडतं आणि बहुतेकांचं पहिलं विमान हेच असतं. हरिकेन, मेसरश्मिट 109 किंवा मस्टँगलाही हाच क्रम चालतो.

## टप्पा 1: कोणतं विमान, कोणत्या महिन्यातलं?

हे खोका उघडण्याआधी ठरवा. ब्रिटिश लढाऊ विमानांचं रंगकाम 1940 मध्ये काही महिन्यांत बदललं. जूनच्या सुरुवातीपर्यंत पोटाकडून डावा पंख काळा आणि उजवा पांढरा असायचा. त्यानंतर खालची बाजू ‘स्काय’ या फिकट हिरवट रंगाची झाली. शेपटीजवळचा स्काय पट्टा आणि त्याच रंगाचा स्पिनर (पंख्याच्या मधली टोकदार टोपी) वर्षाच्या अखेरीस आला. तरीही ऑगस्टमधल्या विमानावर तो पट्टा लावलेली कितीतरी मॉडेल्स पाहायला मिळतात.

वरच्या बाजूला डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन हे दोन रंग असतात. त्यांच्या नक्षीचे दोन प्रकार आहेत आणि एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. खोक्यावरच्या चित्रात एक प्रकार आणि तुम्ही निवडलेल्या डेकलच्या (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांच्या) विमानावर दुसरा, असं होऊ शकतं. त्या विमानाचा जुना फोटो मिळाला तर चित्रापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा.

भारतीय हवाई दलाचं स्पिटफायर करायची अनेकांची इच्छा असते आणि ती रास्तच आहे. पण त्यासाठी मार्क वनचं किट घेऊ नका. ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांच्या 8 नंबर स्क्वाड्रनकडे होतं ते मार्क एट. त्याला चार पात्यांचा पंखा, पंखांखाली दोन्हीकडे सारखे रेडिएटर आणि आत ओढलं जाणारं शेपटीचं चाक असतं. मार्क वनचा पंखा तीन पात्यांचा आणि शेपटीचं चाक कायम बाहेर. निळी-पांढरी वर्तुळं चिकटवून एकाचं दुसरं होत नाही.

## टप्पा 2: टेबलावर काय हवं

एक चांगला निपर, पेन कटर आणि त्याची जादा पाती, बारीक टोकाचा चिमटा, चांगल्या प्रतीची मास्किंग टेप आणि 400, 600, 1000, 2000 नंबरचे वॉटर पेपर. वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात स्वस्तात मिळतात.

गोंद तीन लागतात आणि तिघांची कामं वेगळी. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला पातळ मॉडेल सिमेंट. पारदर्शक काचेला आणि अगदी शेवटच्या नाजूक भागांना पांढरा फेविकॉल. सुपरग्लू फक्त धातूच्या किंवा रेझिनच्या भागांसाठी. काचेच्या आसपास सुपरग्लू आणूच नका. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसून काच धुरकट होते आणि तो धूर पुसून जात नाही.

रंग तुमच्या हत्यारानुसार घ्या. टामियाचे अॅक्रिलिक एअरब्रशमधून सुरेख बसतात, पण ब्रशने मोठ्या भागावर लावायला अवघड आहेत, कारण दुसरा हात पहिल्याला विरघळवतो. ब्रशनेच रंगवणार असाल तर व्हायेहोचे अॅक्रिलिक किंवा हंब्रॉलचे इनॅमल घ्या. हंब्रॉलमध्ये 29 म्हणजे डार्क अर्थ आणि 30 म्हणजे डार्क ग्रीन. टामियामध्ये एक्सएफ-81 हिरवा, एक्सएफ-21 स्काय आणि डार्क अर्थसाठी जवळचा म्हणून एक्सएफ-52.

जपा: थिनर, सिमेंट आणि फवारा या तिन्हींना उघडी खिडकी हवी. फवारताना रासायनिक वाफ अडवणारा मास्क लावा. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही.

## टप्पा 3: धुवा आणि तीन याद्या करा

साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात तेलकट द्रव्य वापरतात. ते राहिलं तर रंग सोलतो. फ्रेम कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने हलकेच घासा आणि हवेवर वाळू द्या. धुण्याआधी बेसिनच्या तोंडावर गाळणी ठेवा, सुटलेला भाग मोरीत गेला की गेला.

आता पत्रकावर पेन्सिलने प्रत्येक भागापुढे अ, ब किंवा क लिहा.

अ म्हणजे आता चिकटणारे आणि विमानाबरोबरच रंगणारे: धडाचे दोन अर्धे, पंख, आडवी शेपटी, रेडिएटर, ऑइल कूलर.

ब म्हणजे वेगळे रंगवून शेवटी लागणारे: पंखा आणि स्पिनर, एक्झॉस्ट, चाकं, त्यांचे पाय आणि झाकणं, एरियलचा खांब, पंखाखालची पिटो नळी (वेग मोजण्यासाठीची).

क म्हणजे सगळे पारदर्शक भाग.

‘ब’ यादी करताना पत्रक बारकाईने वाचा. काही किट्समध्ये पंख्याचा दांडा नाकाच्या दोन अर्ध्यांत अडकवायला सांगतात आणि एक्झॉस्ट आतून बसवायला. धड बंद झालं की ते भाग सुटे करता येत नाहीत. एक्झॉस्टच्या मागची पट्टी थोडी तासून तो बाहेरून खाचेत बसतो का, ते आत्ताच पाहा. दांडा आखूड करून पंखा नुसता भोकात खोचता येत असेल तर तसं करा. या दहा मिनिटांनी पुढचं तासाभराचं मास्किंग वाचतं.

## टप्पा 4: कापा, दोनदा

भाग फ्रेममधून पिळून काढू नका. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब घ्या, मग उरलेला दांडा निपरच्या सपाट बाजूने जवळून. राहिलेली गाठ 600 च्या कागदाने काढा. एका कापात जवळून तोडलं की गाठीबरोबर भागाचाही चपटा तुकडा उडतो आणि तिथे पांढरा व्रण राहतो. साच्याच्या जोडाची बारीक रेघ पात्याची धार उभी धरून खरवडून काढा.

जेवढं लागेल तेवढंच कापा. बाकी भाग आकड्यांसकट फ्रेमवरच राहू द्या.

## टप्पा 5: कॉकपिट

यात फार गुंतू नका. 1/72 मध्ये कॅनपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) बंद ठेवली तर सीटचा वरचा भाग, पट्टे आणि डॅशबोर्डची कड एवढंच दिसतं. बाजूच्या भिंती आणि सीट राखाडी-हिरव्या, डॅशबोर्ड काळा. मास्किंग टेपच्या अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्या कापून त्यांना फिकट खाकी रंग दिला की सीटचे पट्टे झाले. पातळ गडद तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग), मग उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग.

तपासा: कॉकपिट एका अर्ध्यात बसवून दुसरा अर्धा गोंदाशिवाय मिटवून पाहा. नाकापासून शेपटीपर्यंत कुठेही फट राहिली तर कॉकपिटचाच एखादा कोपरा आड येतोय असं समजा आणि तो तासा. क्लॅम्प लावून जबरदस्तीने मिटवलेलं धड नंतर, रंग झाल्यावर, त्याच रेषेवर उकलतं.

## टप्पा 6: धड आणि पंख

सगळ्यात जास्त मॉडेल्स इथेच बिघडतात, म्हणून इथे वेळ द्या.

धडाचे दोन अर्धे टेपने एकत्र धरा. पातळ सिमेंटचा ब्रश जोडाच्या रेघेला टेकवा, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. पाच-सहा सेकंद थांबून हलका दाब द्या. वितळलेल्या प्लॅस्टिकची केसाएवढी कड बाहेर येईल. तीच हवी, कारण फट तीच भरते. ओली असताना तिला हात लावू नका.

जपा: टेपखाली किंवा बोटाखाली सिमेंट शिरलं तर ते तिथे पसरतं आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. सिमेंट लावायच्या जागी टेप नको, बोट नको.

एक दिवस जाऊ द्या. जोड वरून कडक लागतो, आत मऊ असतो. लवकर घासला तर नंतर प्लॅस्टिक आकसून त्याच जागी खळगी पडते.

आता पंख. बऱ्याच किट्समध्ये खालचा भाग एकसंध आणि वरचे दोन वेगळे असतात. पत्रक सांगतं, आधी पंख पूर्ण जोडा, मग धडाला लावा. तसं केलं की वरच्या बाजूला, जिथे पंख धडाला गोलाईने मिळतो, तिथे फट उरते. ती पुट्टीने भरायला गेलं तर स्पिटफायरची ती सुंदर वळणदार गोलाई घासली जाते, आणि या विमानाची ओळखच तिथे आहे. म्हणून आधी सगळं टेपवर कोरडं बसवून बघा. फट दिसली तर क्रम उलटा करा: वरचे दोन अर्धे आधी धडाला चिकटवा, गोलाईचा जोड बंद करून घ्या, मग खालचा भाग लावा. त्यामुळे उरलेली चूक पोटाकडे जाते, आणि तिथे ती घासून काढणं सोपं.

दोन्हीकडे सारखी फट असेल तर दुखणं बहुधा धडाच्या रुंदीत आहे. मग कॉकपिटच्या मागे, आतल्या बाजूला, फ्रेमच्या दांड्याचा योग्य लांबीचा तुकडा आडवा बसवा. धड थोडं फाकतं आणि फट मिटते. हा तुकडा अर्थातच धड बंद करण्याआधी टाकावा लागतो, म्हणून पंखांची कोरडी जुळणी धड चिकटवण्याच्या आधीच उरकून घ्या.

स्पिटफायरचे पंख सपाट नसतात, मुळापासून टोकाकडे सुमारे सहा अंशांनी वर जातात. चिकटवल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धडावरून, टेपची ताणलेली पट्टी लावा आणि वाळेपर्यंत राहू द्या. चाकं अजून नाहीत, म्हणून धड दोन सारख्या ठोकळ्यांवर सरळ ठेवा आणि दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा. फरक असेल तर सिमेंट ओलं आहे तोवरच सुधारा. आडवी शेपटी समोरून बघून लावा: उभ्या शेपटीशी काटकोन, आणि पंखांच्या टोकांशी दोन्हीकडे सारखं अंतर.

पोटाखाली मार्क वनचे पंख सारखे नसतात. उजव्याखाली मोठा रेडिएटर, डाव्याखाली लहानसा ऑइल कूलर. विमान उलटं धरल्यावर डावं-उजवं हमखास उलटतं, म्हणून पेन्सिलने आधीच खूण करा. ‘वैमानिक बसला आहे’ असं धरून डावं-उजवं ठरवायचं.

## टप्पा 7: काच

कॅनपी प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या थराच्या) आधी लागते. नंतर लावली तर तिच्या कडेची फट तशीच राहते.

आधी काचेच्या चौकटीत मास्क बसवा. तयार मास्क नसेल तर टेपचा तुकडा काचेवर चेपून चौकटीच्या उंचवट्यावरून लाकडी दातकोरणं फिरवा. रेघ उमटली की नव्या पात्याने तिच्यावरून हलक्या हाताने कापा. जोर लागतोय असं वाटलं की पातं बदला, काचेवर दाब वाढवू नका. आत बोटाचा ठसा नाही ना ते बघा आणि मग फेविकॉलने चिकटवा. कडेला उरलेला गोंद ओल्या ब्रशने पुसला की बारीक फट त्यानेच भरते.

कॅनपीवर पहिला फवारा कॉकपिटच्या राखाडी-हिरव्या रंगाचा. बाहेरचे रंग त्यावर. असं केलं की आतून बघताना चौकट आतल्याच रंगाची दिसते.

## टप्पा 8: प्रायमर

राखाडी प्रायमरचा पातळ हात द्या आणि विमान दिव्याखाली तिरपं धरा. न दिसलेली प्रत्येक रेघ आता दिसेल. पुट्टी लागेल तिथेच आणि थोडी. ती घासताना आजूबाजूच्या पॅनेलच्या कोरलेल्या रेषा टेपने झाका. पुन्हा प्रायमर. जोड दिसेनासा होईपर्यंत हेच करत राहा. प्रायमरवर दिसणारी फट रंगाखाली लपत नाही.

एक हिशोब लक्षात ठेवा. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांची लांबी 11.23 मीटर, आपल्या मॉडेलवर 15.6 सेंटिमीटर. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटर जाडीचा गिलावा ठरतो. म्हणून प्रत्येक हात पातळ.

## टप्पा 9: रंग, फिक्यापासून गडदाकडे

आधी पोटाचा स्काय. तो वाळल्यावर खालची बाजू झाका आणि वर सगळीकडे डार्क अर्थ द्या. त्यावर नक्षीचे मास्क ठेवून डार्क ग्रीन. उलट क्रमाने गेलात तर गडदावर फिका बसवायला जादा थर द्यावे लागतात आणि पॅनेलच्या रेषा बुजतात.

एअरब्रशसाठी टामियाचा रंग आणि थिनर समप्रमाणात घेऊन सुरू करा, दाब 15 ते 20 पीएसआय. रंग खरखरीत बसला तर तो वाटेतच वाळतोय: थिनर वाढवा किंवा जवळून मारा. ओघळला तर हात हळू चाललाय. आधी जुन्या प्लॅस्टिकवर, मग विमानावर.

नक्षीसाठी पत्रकातलं चित्र मापात मोठं-लहान करून छापा, आकार कापा आणि ब्ल्यूटॅकच्या (सहज निघणाऱ्या चिकट गोळ्याच्या) बारीक वळ्यांवर किंचित उचलून ठेवा. कड थोडी मऊ येते, पण फार पसरू देऊ नका. 1/72 वर दोन मिलिमीटरची धूसर कड म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटर.

जपा: पावसाळ्यात, आणि मुंबई-कोकण-गोव्याला एरवीही, हवेतला ओलावा लॅकर आणि मॅट क्लिअर (चमक घालवणारा पारदर्शक थर) यांना बाधतो. थर पांढुरका पडतो. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी फवारू नका, आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा ट्रॅप बसवून घ्या. विदर्भाच्या किंवा पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये उलटं होतं: रंग सुईच्या टोकावरच वाळतो. रंगात थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला आणि सकाळी लवकर काम उरका.

## टप्पा 10: ग्लॉस, डेकल, वॉश, मॅट

हा क्रम बदलायचा नाही.

मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर डेकल लावला की खाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चंदेरी दिसते. म्हणून आधी ग्लॉस क्लिअरचे दोन-तीन पातळ हात, जिथे डेकल बसणार तिथे तरी नक्की, आणि एक दिवस वाळवण.

डेकल कागदासकट कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून टिपकागदावर मिनिटभर ठेवा. पाण्यातच तरंगू दिला तर त्याचा गोंद धुऊन जातो. जागेवर मायक्रो सेट या डेकल बसवणाऱ्या द्रवाचा थेंब, त्यावर डेकल सरकवा, ओल्या ब्रशने जागी आणा, कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढा. मग वरून मायक्रो सोल, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रव. थोड्याच वेळात डेकलला सुरकुत्या पडतील. पुष्कळ जण घाबरून इथे बोट लावतात आणि डेकल फाटतो. त्याला हात लावू नका. तो मऊ झालेला असतो आणि वाळताना स्वतःच ताणून पॅनेलच्या रेषांत बसतो. उद्या बुडबुडा दिसला तर सुईने टोचून पुन्हा सोलचा थेंब.

पंखांच्या वरची वर्तुळं लाल-निळी, मध्ये पांढरं नाही. धडावरच्या वर्तुळाला बाहेरून पिवळं कडं. ही अदलाबदल फार होते.

डेकलवर पुन्हा ग्लॉसचा हात, मग वॉश. कॅमलच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा, रेषेला ब्रशचं टोक टेकवा, अर्ध्या तासाने जादा पुसा. काळा वापरू नका, विमान जाळीदार दिसतं. पृष्ठभाग टर्पेंटाइनने भिजवूही नका, जोडांत शिरून ते प्लॅस्टिक ठिसूळ करू शकतं.

झीज दाखवायची तर कारण असेल तिथेच. वैमानिक डाव्या बाजूने चढायचा, त्यामुळे डाव्या पंखाच्या मुळाशी रंग उडालेला शोभतो, उजव्या टोकाला नाही. बंदुकांच्या तोंडावर लाल कापडी पट्ट्या शाबूत असतील तर पंखाखाली काजळी नको: गोळ्या झाडल्यावर त्या पट्ट्या फाटतात. दोन्ही एकत्र दिसले की विमान खोटं वाटतं.

शेवटी मॅट क्लिअर.

## टप्पा 11: ‘ब’ यादीतले भाग

चाकांचे पाय किंचित पुढे झुकलेले आणि बाहेर फाकलेले असतात. दोन्ही पाय एकाच बैठकीत लावा, विमान उलटं ठेवून समोरून आणि बाजूने बघा, मगच सिमेंट वाळू द्या. लावण्याआधी भोकातला रंग खरवडा, रंगावर सिमेंट धरत नाही. चाकाच्या तळाला कागदावर घासून अगदी थोडा सपाटपणा द्या, विमानाचं वजन त्यावर पडल्यासारखं दिसतं.

पात्यांची टोकं आधी पिवळी रंगवा, दीड मिलिमीटर झाका, मग काळा द्या. कॉकपिटमधून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पात्याची जाड, गोल कड त्या दिशेला पुढे हवी.

मास्क आता काढा, चिमट्याने, टेप काचेवर मागे दुमडत, सावकाश. चौकटीचा रंग सोबत उचलला जातोय असं वाटलं तर कडेवरून पात्याचं टोक फिरवून घ्या.

उरली एरियलची तार. जुन्या रेडिओच्या विमानांवर ती खांबापासून शेपटीच्या वरच्या टोकापर्यंत असते, नंतरच्या व्हीएचएफ रेडिओच्या विमानांवर नसते, म्हणून फोटो पाहूनच ठरवा. लावायची असेल तर फ्रेमचा दांडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवत तापवा, मऊ झाला की ज्योतीपासून दूर नेऊन एकसारखा ओढा. केसासारखा धागा मिळतो. मेणबत्ती पेटवण्याआधी थिनर आणि सिमेंटच्या बाटल्या बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. धागा फेविकॉलने दोन्ही टोकांना लावा, गोंद पूर्ण वाळू द्या. धागा सैल राहिला तर पेटती अगरबत्ती त्याच्या खालून, न टेकवता, पटकन फिरवा. तो आकसून ताठ होतो. एका जागी क्षणभरही जास्त थांबलात तर तुटतो.